कागद पास, ब्रेक नापास!

औंधच्या यमाईच्या डोंगरावरून खाली उतरणारी एखादी वीस वर्षांची दुचाकी एकदा नीट न्याहाळा. पुढे बाप, मध्ये पोर, मागे आई. पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी चाकाला त्याचा पत्ता नाही, कारण केबल केव्हाच ढिली पडली आहे. सगळी मदार मागच्या ड्रमवर. उताराने तो तापला की ब्रेक पकडेनासा होतो आणि बाप पाय जमिनीला घासत गाडी आवरतो. मागचा टायर गोटा झालेला, ब्रेकलाइट बंद, हँडलचा कोनसेट खडखडतो आहे. आणि या गाडीच्या आरसीवर सरकारी नोंद काय सांगते? नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे, गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर चालवायला लायक आहे!

आम्ही सरकारला विचारतो, ही लायकी कोणी ठरवली? कोणत्या यंत्राने या गाडीचा ब्रेक मोजला? मोजला असेल तर आकडा कुठे लिहून ठेवला आहे? तो आकडा नाही, कारण मोजणीच झालेली नाही. ज्या कागदावर राज्याची मोहोर उमटते तो कागद तीन माणसांच्या जिवाची हमी देतो. त्या हमीमागे मोजमाप नसेल तर ती हमी खोटी आहे. जुन्या दुचाकींची 'पासिंग' नावाची जी व्यवस्था आज महाराष्ट्रात चालते, ती माणसांचा जीव वाचवण्यासाठी उभी राहिलेली नाही. ती कागद जुळवण्यासाठी आणि पैसे वसूल करण्यासाठी चालते. हे ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे, आणि ते आम्ही सांगणार.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ४१व्या कलमानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. मग फॉर्म २५ भरायचा, गाडी अधिकाऱ्यापुढे उभी करायची आणि पाच वर्षांचे नूतनीकरण घ्यायचे. याचा सरळ अर्थ असा की दुचाकी शोरूममधून बाहेर पडल्यावर पहिली १५ वर्षे तिचे ब्रेक, टायर, हँडल, चाके यांची एकही ठरावीक सक्तीची तपासणी नाही. पीयूसी आहे, पण ती फक्त धुराची. पंधरा वर्षांनी एकदा सरकारला त्या गाडीची आठवण होते आणि नंतर थेट पाच वर्षांनी. दूध घालायला रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक लायनर किती दिवस टिकतात हे गावातल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा. पाच वर्षांत लायनर संपतात, टायर संपतात, चेन-स्प्रॉकेट झिजते, केबल तुटतात, स्विंगआर्मचे बुश खुळखुळे होतात. ज्या गोष्टी महिन्यामहिन्याला झिजतात त्यांची चौकशी पाच वर्षांतून एकदा करणे हे रक्षण नव्हे, ही बेपर्वाई आहे.

आता ती पाच वर्षांतून एकदाची तपासणी तरी कशी होते? औंधचा शेतमजूर त्या दिवसाचा रोज बुडवतो. साताऱ्याच्या आरटीओ कचेरीत जायचे तर चाळीसेक किलोमीटर. नाहीतर तालुक्यात भरणाऱ्या आरटीओच्या कॅम्पच्या तारखेची वाट पाहत बसायचे. तिथे रांग असते. चेसिस नंबर कागदाशी ताडला जातो, त्याचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. इंजिन नंबर पुसलेला नाही ना, कर भरला आहे ना, विमा आणि पीयूसी चालू आहे ना, हे पाहिले जाते. चोरीची गाडी पकडायला हे सारे हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही गाडीची ओळख पटवणे झाले. गाडी लायक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. ड्रम उघडून लायनरची जाडी कोण पाहतो? टायरच्या नक्षीत माप कोण घालतो? दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. ते माप किती कॅम्पवर टेबलावर ठेवलेले असते? पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवून कोनसेट कोण तपासतो? हॉर्न वाजला, दिवा लागला, गाडी पास!

विश्वासार्ह तपासणी कशाला म्हणावे याची कसोटी सोपी आहे. एकच गाडी सोमवारी एका निरीक्षकापुढे आणि मंगळवारी दुसऱ्यापुढे उभी करा. दोघांचे उत्तर एक आले पाहिजे. सरकारी डोळ्याने केलेल्या आजच्या तपासणीत ते एक येईल अशी खात्री कुणी देऊ शकतो का? एकाच्या नजरेला टायर 'चालेल' वाटतो, दुसऱ्याच्या नजरेला वाटत नाही. एक निरीक्षक सकाळी ताजातवाना असतो, दुसरा दुपारी ऐंशीव्या गाडीपाशी थकलेला. आणि ज्या ठिकाणी माप नसते तिथे मर्जी येते, मर्जीमागून एजंट येतो, एजंटामागून पाकीट येते. आम्ही कोणा एका कार्यालयाकडे किंवा एका माणसाकडे बोट दाखवत नाही. प्रामाणिक निरीक्षकालाही ही व्यवस्था हतबल करते, कारण नापास करायला त्याच्या हातात आकडाच नसतो. मोजमाप नसलेली तपासणी लबाडाला मोकळे रान देते आणि इमानदाराला तोंडघशी पाडते.

औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव. अडाणी शेतकऱ्याला सरकारी कचेरीतले कामगार कागदाच्या जोरावर कसे नागवतात हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून महाराष्ट्राच्या तोंडावर मारले. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. आज ऑनलाइन अर्ज आले, संगणक आले, पावत्या मोबाइलवर आल्या. पण औंधच्या शेतकऱ्याला आपल्याच जुन्या गाडीच्या कागदासाठी मध्यस्थाचे पाय धरावे लागत असतील, तर बदल कचेरीच्या भिंतींत झाला, तिच्या वृत्तीत झाला नाही.

आता पीयूसीकडे वळू. तीच एक तपासणी खेड्यापाड्यांत नियमित पोहोचते. दुचाकीची पीयूसी ५० रुपयांत मिळते. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतर बनलेल्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के. हे माप इंजिन जागेवर मंद चालू ठेवून घेतले जाते. दोघांना बसवून औंधचा चढ चढताना ते इंजिन काय ओकते, हे यात कधीच कळत नाही. नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी आत गेली नाही, किंवा सायलेन्सर गंजून त्याला भोके पडली असली, तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा आपोआप खाली येतो. कार्बोरेटरचा स्क्रू तपासणीपुरता फिरवायचा आणि नंतर पूर्ववत करायचा, हेही गॅरेजच्या दारात बसणाऱ्याला ठाऊक असते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या, म्हणजे चेतक, एम-८०, लुना, आरएक्स-१०० यांच्या मागे जो निळा धूर निघतो तो जळक्या ऑइलचा असतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत तो धूर म्हणून मोजलाच जात नाही.

हा दोष एकट्या खेड्याचा नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा दिल्लीतील वाहनप्रदूषणावरचा अहवाल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडला गेला. मर्यादा ओलांडणाऱ्या एक लाखाहून अधिक गाड्यांना पीयूसी दिली गेली, हे त्यात नोंदले आहे. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या 'तपासल्या'च्या नोंदीही त्यात सापडल्या. देशाच्या राजधानीत, संगणकाला जोडलेल्या यंत्रांसमोर जर हे घडते, तर ज्या तपासणीत यंत्रच नाही तिच्याबद्दल काय बोलावे?

आणि शिक्षेचा तराजू पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० नुसार धुराच्या नियमभंगाला कमाल १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच कलमानुसार धोकादायक बिघाड असलेली गाडी चालवण्याला कमाल १,५०० रुपये दंड. धूर वाईटच आहे, त्याने पोरांची फुप्फुसे सडतात, त्यावर कठोर दंड हवाच. पण तुटलेला ब्रेक धुरापेक्षा इतका स्वस्त का? ज्या दोषाने माणूस त्याच क्षणी मरतो त्याची किंमत इतकी थोडी का धरली?

माणसे मरत नाहीत असे कुणाला वाटत असेल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे वाचावेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दर शंभरांत ४४ हून अधिक. रोज दोनशेहून जास्त दुचाकीस्वार. हेल्मेट न घालता मेलेले त्या वर्षात ५०,०२९. मेलेल्या या दुचाकीस्वारांतले किती ब्रेक न लागल्याने मेले, किती गोटा टायर घसरल्याने, किती ब्रेकलाइट न लागल्याने मागच्या ट्रकखाली गेले? पोलिसांच्या नोंदीत 'भरधाव वेग' हे दोन शब्द लिहिले की प्रकरण मिटते. वेग तर होताच. पण ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरहून अधिक अंतर कापते. ब्रेकची ताकद निम्मी झाली की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबायला दुप्पट अंतर लागते. ऊस भरलेली ट्रॉली अंधारात, मागे दिवा नसताना, रस्त्याच्या कडेला उभी असते तेव्हा हे दुप्पट अंतर म्हणजे जगणे आणि मरणे यांतला फरक असतो.

एक गोष्ट मात्र सरकारला बरोबर जमते. अपघातात माणूस दगावला की त्या गाडीची तपासणी होते. कलम १३६ मध्ये तशी तरतूद आहे. निरीक्षक येतो, ब्रेक पाहतो, टायर पाहतो, अहवाल लिहितो. मेल्यावर तपासता, मग जिवंतपणी का तपासत नाही? पंचनाम्याच्या वेळी जी नजर येते ती पासिंगच्या वेळी कुठे असते? तपासणी करता येत नाही ही सबब खोटी आहे. ती करता येते, फक्त ती प्रेताच्या बाजूला उभे राहूनच केली जाते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता वसुलीचा हिशेब मांडू. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले, उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते २,००० केले गेले. त्याआधीच, २०१० पासून, महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपयांचा पर्यावरण कर ठरला. मग जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. बेरीज साडेचार हजारांवर जाते. ज्या गाडीची बाजारात किंमत दहा हजारही येणार नाही, तिच्या मालकाने हे द्यायचे. द्यायलाही तो तयार होईल, पण या पैशांतून त्याला काय मिळाले? नंबरप्लेट नवी झाली, ब्रेक जुनाच राहिला. पर्यावरण कराच्या पैशांतून औंधला, वडूजला, आटपाडीला, पुसेसावळीला दुचाकीचा ब्रेक मोजणारे एक तरी यंत्र आले का? पैसे घ्यायला सरकार दारापर्यंत येते, तपासायला मात्र माणसाने चाळीस किलोमीटर जावे!

यातली गोम समजून घ्या. सरकारचा स्वतःच्या तपासणीवर विश्वास नाही, म्हणून ते वयावर शुल्क चढवते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर वयानेच बंदी घातली गेली. हरित लवादाने २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाला केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नका असे सांगावे लागले. या सगळ्या धरसोडीचे मूळ एकच आहे: गाडीची खरी प्रकृती सांगणारी तपासणी आपण उभीच केली नाही. मग कॅलेंडर पाहून न्याय करायचा. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वय हा गुन्हा नाही. नीट निगा राखलेली पंचवीस वर्षांची स्प्लेंडर ही टायर-ब्रेकची वाट लावलेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा अधिक सुरक्षित असू शकते. गरिबाची गाडी भंगारात काढायला आमचा विरोध आहे. पण गरिबाची गाडी म्हणून तिचा ब्रेक तपासायचाच नाही, या खोट्या कनवाळूपणालाही आमचा तेवढाच विरोध आहे. गरिबाच्या पोराचा जीव स्वस्त नाही.

जुन्या गाडीला तर तपासणीची गरज अधिक आहे. २०१८ आणि २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक जोडणारी व्यवस्था आणि त्यावर एबीएस सक्तीचे झाले. २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. जुन्या गाड्यांना यातले काहीच नाही. तिथे केबल, ड्रम, लायनर आणि चालवणाऱ्याचा हात, एवढाच आधार. थांबवण्याच्या ताकदीचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा असतो, आणि खेड्यात नेमका पुढचा ब्रेकच 'पाडतो' म्हणून सोडून दिलेला असतो. ही चूक शिकवून दूर करण्याजोगी आहे. पण ती शोधायची कुणी?

जगाकडे पाहिले तर छोट्या दुचाकींकडे दुर्लक्ष ही फक्त आपली खोड नाही. जपानच्या सक्तीच्या वाहन तपासणीतून २५० सीसीपर्यंतच्या दुचाकी सुटलेल्या आहेत. युरोपीय संघाने २०२२ पासून दुचाकींची तपासणी आणली ती १२५ सीसीवरच्यांची, आणि तीही टाळायची सवलत सदस्य देशांना दिली. म्हणजे गरिबाचे, विद्यार्थ्याचे वाहन तिथेही नजरेआड राहते. पण ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे १९६० पासून वाहन तपासणी सुरू झाली, आणि आज तीन वर्षे पूर्ण केलेल्या मोटारसायकलीला, स्कूटरलाही, दरवर्षी तपासणीतून जावे लागते. ती सरकारी कचेरीत होत नाही. परवाना दिलेल्या जवळच्या गॅरेजमध्ये होते. गाडी का नापास झाली, कोणता भाग झिजत आला आहे, हे लिहून ठेवले जाते आणि गाडीचा नंबर टाकला की कुणालाही तो इतिहास वाचता येतो. तैवानमध्ये पाच वर्षांवरच्या स्कूटरची धुराची तपासणी दरवर्षी होते आणि तिचे पैसे चालकाकडून घेतले जात नाहीत. जवळ, दरवर्षी, मोजून, उघड आणि फुकट. या पाच शब्दांपलीकडे यात कोणतीही जादू नाही.

आणि या गोष्टीची सुरुवात औंधने करावी असे आम्ही म्हणतो, ते उगाच नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा औंधच्या संस्थानाने कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हेच लक्ष्मणराव त्याआधी बेळगावात सायकलींचे दुकान चालवत होते. चाक, बेअरिंग आणि साखळी यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला या भूमीने ओळखले. १९३९ च्या जानेवारीत महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधने आपल्या खेड्यांना स्वराज्याची घटना दिली. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत त्यासाठी गावोगाव फिरले. रस्ते, शाळा, तंटे, न्याय हे पंचायतीने पाहायचे, वरून हुकूम यायची वाट पाहायची नाही, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा औंधचा राजा शाळेतल्या पोरांना रोज सूर्यनमस्कार घालायला लावत असे. शरीर टिकवायचे तर त्याची निगा रोज राखावी लागते, हे त्याने प्रजेच्या अंगी बाणवले. यंत्राचेही तसेच आहे. पाच वर्षांतून एकदा घातलेल्या नमस्काराने जसे शरीर घडत नाही, तसे पाच वर्षांतून एकदा मिळालेल्या शिक्क्याने यंत्र सुरक्षित होत नाही.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या अशा.

पहिली: दहा वर्षांवरच्या दुचाकीची दोन वर्षांतून एकदा आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीची दरवर्षी सुरक्षा तपासणी व्हावी. नूतनीकरण पाच वर्षांनी होऊ द्या. ब्रेकची चौकशी पाच वर्षे थांबू शकत नाही.

दुसरी: तपासणी मोजून व्हावी. दोन्ही ब्रेकची ताकद, टायरची नक्षी, हँडल आणि चाकांचा ढिलेपणा, पुढचा दिवा, ब्रेकलाइट. प्रत्येकासमोर आकडा किंवा स्पष्ट नोंद. ब्रेक लावल्यावर वेग किती झपाट्याने उतरला हे सांगणारे, हातात मावणारे यंत्र जगात आहे. त्यासाठी कोट्यवधींची इमारत लागत नाही. एक सपाट पट्टा, एक यंत्र, एक प्रशिक्षित माणूस पुरतो. सरकारच्याच दरपत्रकात हाताने केलेल्या आणि यंत्राने केलेल्या तपासणीचे दर वेगळे छापलेले आहेत. दर वेगळे छापता येतात, तर यंत्र खेड्यात का पोहोचवता येत नाही?

तिसरी: तपासणी गावात व्हावी. परिवहन विभागाचे फिरते पथक मोठ्या गावांत ठरलेल्या दिवशी येऊ द्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकलेली पोरे आहेत, गावोगावी गॅरेज आहेत. यांना प्रशिक्षण आणि परवाना द्या. मात्र ज्या गॅरेजने गाडी तपासली त्याच गॅरेजने ती दुरुस्त करायची नाही, म्हणजे खोटा दोष काढून खिसा भरण्याची वाट बंद होईल.

चौथी: नापास म्हणजे जप्ती नव्हे. दोष लिहून द्या, दुरुस्तीला पंधरा दिवस द्या, फेरतपासणी फुकट करा. ज्यांच्याकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड आहे त्यांच्या लायनर, केबल आणि टायरचा खर्च पर्यावरण कराच्या पैशांतून भागवा. हा कर जुन्या गाडीच्या नावाने घेतला जातो. तो जुन्या गाडीवरच खर्च झाला पाहिजे.

पाचवी: तपासणाऱ्याचीही तपासणी व्हावी. दर शंभर गाड्यांतल्या काही गाड्या न सांगता निवडून दुसऱ्या निरीक्षकाने पुन्हा मोजाव्यात. दोन निकालांत तफावत आली तर ती नोंदवून जाहीर करावी. कोणत्या केंद्रावर किती गाड्या नापास होतात हे दर तिमाहीत छापावे. ज्या केंद्रावर वर्षभरात एकही जुनी दुचाकी नापास झाली नाही, त्या केंद्रावर धाड पडली पाहिजे, कारण तसे घडणे शक्यच नाही.

आम्हाला विरोध होईल, तो ठाऊक आहे. 'आधी रस्ते नीट करा' असे म्हणतील. रस्ते नीट झालेच पाहिजेत, पण खड्डा दिसल्यावर थांबायला ब्रेक लागतो. वाईट रस्ता हे वाईट ब्रेकचे समर्थन होऊ शकत नाही. 'मनुष्यबळ नाही' असे म्हणतील. वसुलीला मनुष्यबळ असते, चौकाचौकात दंडाच्या पावत्या फाडायला असते, मग तपासायलाच का नसते? 'केंद्राचा कायदा बदलावा लागेल' असे म्हणतील. कायद्यासाठी दिल्लीला जरूर लिहा. पण फिरते पथक पाठवायला, पर्यावरण कराचे पैसे वळवायला आणि निकाल छापायला महाराष्ट्र सरकारला कुणी अडवले आहे?

आणि वाचकहो, आपल्यालाही चार शब्द सुनावल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. एजंटाच्या हातात नोट ठेवून 'गाडी न नेता पासिंग करून दे' म्हणणारा कोण आहे? ५० रुपयांच्या पीयूसीसाठी गाडी केंद्रावर न्यायचा कंटाळा करून फक्त नंबर पाठवणारा कोण आहे? मोबाइलला महिन्याला रिचार्ज मारणारा आणि ब्रेकचा लायनर वर्षभर बदलायचा टाळणारा कोण आहे? आपणच. लाच घेणारा जेवढा दोषी, तेवढाच देणाराही दोषी आहे. न तपासता मिळालेल्या खोट्या शिक्क्यावर आपण आपल्याच पोराला बसवून शाळेत सोडतो, हे प्रत्येक बापाने मनाशी कबूल करावे आणि आजच गॅरेजचा रस्ता धरावा.

सरकार जागे होईपर्यंत गावाने हात बांधून बसायचे कारण नाही. पौषात यमाईची यात्रा भरते, हजारो दुचाक्या औंधकडे येतात. त्याआधी ग्रामसभेने ठराव करावा, गावातले गॅरेजवाले, आयटीआयची पोरे आणि माध्यमिक शाळा यांना एकत्र आणावे आणि दुचाकी तपासणीचे शिबिर भरवावे. गाडी कुणाचीही असो, सरपंचाची असो की ऊसतोड मजुराची, ब्रेक मोजावा, टायर पाहावा, निकाल गाडीवाल्याच्या हाती द्यावा. ज्या गाड्या नापास होतील त्यांची संख्या ग्रामपंचायतीने लिहून परिवहन आयुक्तांना पाठवावी आणि सोबत विचारावे, 'यातल्या ज्या गाड्यांना तुमचा शिक्का आहे, तो कशाच्या आधारावर दिला?' या एका प्रश्नाचे उत्तर देताना कचेरीला घाम फुटेल. कुंडल, आटपाडी आणि किर्लोस्करवाडीने औंधचे पाहून तेच करावे. जुन्या औंध संस्थानातल्या प्रत्येक गावातून असा एक कागद साताऱ्याच्या आणि सांगलीच्या टेबलावर गेला, तर मुंबईला तो वाचावाच लागेल.

राज्याची मोहोर ही लोकांच्या विश्वासाची ठेव आहे. न तपासता ती उमटवणाऱ्या प्रत्येक हाताला, मग तो सरकारी असो की खासगी केंद्राचा, नोकरी किंवा परवाना गमावण्याची भीती वाटलीच पाहिजे. आणि ज्या गाडीचा ब्रेक लागतो तिलाच ती मोहोर मिळाली पाहिजे, मग तिचे वय कितीही असो, तिच्या मालकाचा खिसा कितीही रिकामा असो. हे होईपर्यंत आम्ही हा प्रश्न सोडणार नाही, आणि औंधच्या ग्रामसभेनेही सोडू नये.